आधी कृती, मग उभारी : विषण्णतेवरील उपचारांची दीडशे वर्षे

घरगुती मराठीत विषण्णतेला एक असे निश्चित नाव नाही. 'मन लागत नाही', 'काही सुचत नाही', 'कशातच राम वाटत नाही' असे आपण म्हणतो आणि विषय तेथेच सोडतो. ग्रंथांत खिन्नता, औदासीन्य, नैराश्य हे शब्द आढळतात. डॉक्टर मंडळी 'डिप्रेशन' म्हणतात. एखाद्या दुःखद प्रसंगानंतर चार दिवस वाटणारी उदासी निराळी आणि आठवडेच्या आठवडे झोप, भूक, उत्साह, एकाग्रता व जगण्यातील गोडी हिरावून नेणारा हा आजार निराळा. प्रस्तुत लेखात विषण्णता हा शब्द त्या आजारापुरताच वापरला आहे.

अशा माणसास घरातून मिळणारे सल्ले सर्वांच्या परिचयाचे आहेत. 'चार दिवस विश्रांती घे', 'हवापालट करून ये', नाही तर 'मन घट्ट कर'. हे सल्ले प्रेमापोटीच दिले जातात. परंतु त्या प्रत्येकामागे एक गृहीतक दडलेले असते, ते असे की आधी मनाला उभारी यावी आणि मग माणूस कामाला लागावा. गेल्या दीडशे वर्षांत याच गृहीतकाची कसून तपासणी झाली. आधी मन की आधी कृती, या प्रश्नाचा शोध रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि शेवटी प्रत्यक्ष मेंदूच्या चित्रांत घेतला गेला. त्या शोधाचा वृत्तान्त आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मनाच्या विकाराचा शरीराशी असलेला संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असे नाव आहे आणि त्या विषादाचे वर्णन गात्रे गळण्यापासून तोंड कोरडे पडण्यापर्यंत, म्हणजे शारीरिक लक्षणांनीच केलेले आहे. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्याच ग्रंथात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय हे पहिले दोन, आणि तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याचा उपचार. मात्र एवढ्यावरून आधुनिक मानसोपचार आपल्या पूर्वजांना अवगत होता असा दावा करणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. प्रश्नाची जाणीव होती, इतकेच म्हणता येईल.

आधुनिक काळात शब्दाच्या बळावर उपचार करण्याची जी वाट युरोपात निघाली तिच्या आरंभी गोव्याचा एक माणूस उभा आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेला जुझे कुश्तोदियु फारिया, म्हणजेच आबे फारिया, १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकीय प्रवाह वाहतो, असे मेस्मरचे अनुयायी त्या वेळी मानीत. फारियाने ते नाकारले. जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते, बाहेरून काहीही येत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो निवर्तला. हयातीत त्याच्या वाट्याला कुचेष्टाच अधिक आली. पणजीत १९४५ साली उभारलेला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्याचा पुतळा अनेकांनी पाहिला असेल. फारियाचे प्रयोग विषण्णतेसंबंधी नव्हते. परंतु उपचाराची शक्ती रुग्णाच्या ठायी असते हा त्याचा विचार पुढील सर्व मानसोपचारांच्या मुळाशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र वैद्यकाने वेगळी दिशा धरली. १८६९ साली जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टराने 'न्यूरॅस्थेनिया' ही संज्ञा रूढ केली. शरीरातील मज्जातंतूंची शक्ती एखाद्या शिलकेप्रमाणे खर्च होऊन संपते आणि त्यातून थकवा, निद्रानाश व खिन्नता उद्भवते, अशी ही कल्पना होती. शिल्लक संपली तर खर्च थांबवावा हे ओघानेच आले. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी त्यावर 'विश्रांती-उपचार' बसविला. रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवायचे, भरपूर दूध व अन्न द्यायचे, अंग मर्दन करायचे; परंतु वाचन, लेखन आणि भेटीगाठी सर्व बंद.

ही विचारसरणी किती दूरवर पोहोचली होती याचे एक उदाहरण आम्हा बडोदेकरांच्या परिचयाचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपला गेले ते निद्रानाश आणि मज्जातंतूंच्या थकव्यामुळे डॉक्टरांनी सल्ला दिला म्हणून. महाराजांच्या प्रकृतीला आज आपण एखादे नाव चिकटवावे हे योग्य नव्हे. तथापि अशा तक्रारींवर हवापालट आणि विश्रांती हेच त्या काळचे सर्वमान्य औषध होते, आणि राजापासून कारकुनापर्यंत ज्याला जेवढे परवडेल तेवढे तो ते घेत असे. महाराजांनी मात्र त्या प्रवासांत विश्रांतीपेक्षा पाहणीच अधिक केली, हेही आपण जाणतोच.

विश्रांती-उपचाराची दुसरी बाजू एका रुग्णानेच जगापुढे आणली. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर बाळंतपणानंतर आलेल्या विषण्णतेसाठी १८८७ साली डॉ. मिचेल यांनी उपचार केले आणि यापुढे लेखणीला स्पर्श करू नये असा सल्ला देऊन तिला घरी पाठविले. सल्ला पाळता पाळता आपण वेडाच्या उंबरठ्यापर्यंत गेलो, असे तिने पुढे लिहिले. लेखन पुन्हा सुरू केल्यावर ती सावरली. १८९२ साली प्रसिद्ध झालेली तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा त्याच अनुभवातून निघाली. सक्तीच्या निष्क्रियतेने आजार वाढतो, ही गोष्ट शास्त्राच्या आधी साहित्याने नोंदविली ती अशी.

विसाव्या शतकात मेंदूचे काम बाहेरून पाहण्याची साधने हाती येऊ लागली. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून मेंदूतील विद्युत्‌लहरींचा पहिला आलेख घेतला आणि पाच वर्षे पडताळा पाहून १९२९ साली तो प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला ई.ई.जी. म्हणतो तो हाच. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या लहरी आणि हिशेब करीत असलेल्या माणसाच्या लहरी भिन्न असतात, म्हणजे मनाची अवस्था बदलली की मेंदूचा आलेख बदलतो, हे त्यातून प्रथमच कागदावर उमटले. मनाच्या व्यापारांचा भौतिक आधार शोधण्यात आयुष्य घालविलेले हे शास्त्रज्ञ स्वतः तीव्र विषण्णतेने ग्रासले गेले आणि १९४१ साली त्यांनी आपले जीवन संपविले. विद्वत्ता वा मानमरातब या आजाराला अडवू शकत नाही, याची ही वेदनादायक साक्ष आहे.

पुढचा अध्याय औषधांचा, आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. आपल्याकडील सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर उपयुक्त ठरते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहून जगाच्या निदर्शनास आणले. सर्पगंधेतून १९५२ साली 'रेसरपिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते, असे डॉक्टरांनी नोंदविले आणि त्याच सुमारास या द्रव्याने मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा घटतो असेही आढळले. याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलांड कुन यांनी इमिप्रामिन हे औषध विषण्णतेवर गुणकारी असल्याचे १९५७ साली जाहीर केले. या साऱ्या निरीक्षणांची जुळणी करून, विषण्णता म्हणजे मेंदूतील विशिष्ट रसायनांची कमतरता, असा सिद्धान्त १९६५ च्या सुमारास उभा राहिला.

सिद्धान्त सुटसुटीत होता म्हणून तो लोकप्रिय झाला. कालांतराने तो अपुरा असल्याचे दिसून आले. रेसरपिनचा आणि खिन्नतेचा संबंधही वाटला तितका सरळ नव्हता. परंतु सिद्धान्त अपुरा ठरला म्हणून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत, हे येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे निव्वळ नाममात्र गोळीपेक्षा सरस आढळली. औषध काम करते. ते नेमके कसे, हे कळणे अजून बाकी आहे.

या काळात मेंदूचा अभ्यास करणारे आणि मनाचा अभ्यास करणारे अशा दोन शाखा जवळजवळ विभक्त झाल्या होत्या. सरकारी भाषेत सांगायचे तर एकाच इमारतीत बसणारी दोन खाती, परंतु परस्परांत पत्रव्यवहार नाही! एका खात्याच्या मते आजार रसायनांचा, दुसऱ्याच्या मते बालपणीच्या सुप्त संघर्षांचा. रुग्ण आज दिवसभर काय करतो आणि काय करण्याचे टाळतो, हा साधा प्रश्न दोन्ही खात्यांच्या फाईलींत फारसा नव्हता.

तो विचारला वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी. चार्ल्स फर्स्टर यांनी १९७३ साली आणि ओरेगन विद्यापीठातील पीटर ल्युइन्सन यांनी त्याच दशकात मांडलेला विचार असा होता. माणूस जे करतो त्यातून त्याला काही ना काही प्राप्त होते. कधी आनंद, कधी कौतुक, कधी केवळ काम हातावेगळे झाल्याचे समाधान. नोकरी सुटणे, जोडीदार जाणे, गाव सुटणे, आजारपण येणे अशा कारणांनी ही प्राप्ती एकदम घटते. प्राप्ती घटली की माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की प्राप्ती आणखी घटते. लोकांना टाळल्याने क्षणभर सुटल्यासारखे वाटते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. असे हे दुष्टचक्र फिरत राहते. ते तोडायचे तर मनाला उभारी येण्याची वाट पाहत बसून उपयोग नाही. कृतीच्या बाजूनेच हात घातला पाहिजे.

याच सुमारास दुसरी एक वाट विचारांच्या बाजूने निघाली होती. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये आणि ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियामध्ये, माणसाला दुःखी करतो तो त्याचा प्रसंगाकडे पाहण्याचा अविवेकी दृष्टिकोन, अशी मांडणी केली. एलिस यांची पद्धती मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने परिचित झाली, त्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांच्या लेखनाला आणि अध्यापनाला जाते. बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली आपली उपचारपद्धती इमिप्रामिनच्या तोडीस तोड असल्याचे चाचणीने दाखविले. त्यांच्या पद्धतीत विचार तपासणे आणि दिनक्रमात कृती वाढविणे हे दोन्ही घटक होते. मग स्वाभाविकच प्रश्न आला, गुण येतो तो यांपैकी कशाने?

सिॲटल येथील नील जेकबसन यांनी १९९६ साली याचा निवाडा करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी सुमारे दीडशे रुग्णांचे तीन गट केले. पहिल्यास केवळ कृती वाढविण्याचे मार्गदर्शन, दुसऱ्यास त्याच्या जोडीला मनात आपोआप येणाऱ्या नकारात्मक विचारांची तपासणी आणि तिसऱ्यास बेक यांचा संपूर्ण उपचार. तिन्ही गटांत सारखाच गुण आला. दोन वर्षांनी पाहिले तरीही फरक आढळला नाही. जेकबसन १९९९ साली अकाली निवर्तले. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. २४१ रुग्णांवरील त्यांची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत अधिक तीव्र विषण्णता असलेल्यांच्या बाबतीत कृती वाढविण्याचा उपचार औषधाच्या बरोबरीचा ठरला. पुढे इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला हा साधा उपचार, निष्णात मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या महागड्या उपचारापेक्षा उणा पडला नाही.

इंग्रजीत या पद्धतीला 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. आपण तिला कृतिप्रेरक उपचार म्हणू. तिची रीत समजण्यास अवघड नाही. प्रथम आठवडाभर एका वहीत दर तासाला काय केले आणि त्या वेळी मन कसे होते, याची नोंद ठेवायची. कशाने मन किंचित हलके होते आणि कशाने जड होते, हे त्या नोंदींतून रुग्णालाच दिसू लागते. मग मार्गदर्शकाच्या साहाय्याने पुढील आठवड्याची आखणी करायची. ती इतकी लहान असावी की पार पडलीच पाहिजे. सकाळी उठून दाढी करणे, गच्चीतील तुळशीला पाणी घालणे, भावाला एक फोन करणे, बस्स. मुख्य नियम एकच. ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी करायची, मनाची परवानगी मागायची नाही. एखादे दिवशी नाही जमली तर त्याबद्दल दोष द्यायचा नाही. अडथळा काय आला ते पाहून पायरी आणखी लहान करायची.

'मन घट्ट कर' या आपल्या सल्ल्यात आणि या उपचारात हाच मोठा भेद आहे. आपला सल्ला सारा भार रुग्णाच्या मनावर टाकतो, जे मन आधीच खचलेले असते. हा उपचार मनाला बाजूला ठेवून एका लहानशा कृतीला हात घालतो आणि त्या कृतीपर्यंत सोबत चालतो.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. वर्तन बदलल्याने मेंदूत खरोखर काही बदलते काय? १९८० नंतर पेट स्कॅनचे तंत्र हाती आले. अल्पसा किरणोत्सर्गी अंश जोडलेली साखर शरीरात सोडतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो, यावरून तेथील कामाचा अंदाज घेतात. मंत्रचळेपणाच्या रुग्णांवर कॅलिफोर्नियात केलेला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध दिले होते, काहींना केवळ वर्तनोपचार. जे सुधारले त्यांच्या मेंदूतील 'कॉडेट' या भागात, दोन्ही गटांत, सारखाच बदल आढळला. वर्तनाची खूण मेंदूवर उमटते, याचा हा प्रारंभीचा पुरावा होता.

विषण्णतेविषयी महत्त्वाचा अभ्यास टोरंटो येथे झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. हेलन मेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्णांच्या मेंदूची चित्रे, विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारापूर्वी व नंतर घेतली. सुधारलेल्यांच्या मेंदूत बदल झाला होता, परंतु तो औषधाने सुधारलेल्यांच्या बदलाहून निराळा होता. स्मृतीशी संबंधित 'हिप्पोकॅम्पस' या भागाचे काम उपचाराने वाढले, तर कपाळामागील भागाचे काम घटले. औषध घेतलेल्यांत याच्या उलट चित्र दिसले. एकाच वाड्यात दोन दरवाजांनी शिरावे तसा हा प्रकार. केवळ कृतिप्रेरक उपचार घेतलेल्या मोजक्या रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत २००९ साली झाला. लाभाची अपेक्षा असताना मेंदूतील ज्या भागांत हालचाल होते, त्यांच्या कार्यात उपचारानंतर फरक पडलेला दिसला. ल्युइन्सन ज्याला प्राप्ती म्हणत होते, तिचा ठसा मेंदूत सापडू लागला तो असा.

मग, कोणाला औषध द्यावे आणि कोणाला वर्तनोपचार, हे मेंदूच्या चित्रावरून आधीच सांगता येईल काय? अटलांटा येथे मेबर्ग यांच्याच गटाने २०१३ साली त्या दिशेने पाऊल टाकले. मेंदूतील 'इन्सुला' या भागाचे काम ज्यांच्यात मंद होते ते बोलण्याच्या उपचाराने बरे झाले आणि ज्यांच्यात ते अधिक होते ते औषधाने, असा कल त्यांना दिसला. २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून दोन अभ्यास आले. एकात मेंदूतील कार्याच्या ठेवणीवरून विषण्णतेचे सहा प्रकार सुचविण्यात आले. दुसऱ्यात विषण्णता आणि स्थूलता दोन्ही असलेल्या १०८ प्रौढांची दोन वर्षांत वेळोवेळी तपासणी झाली. अडचणी टप्प्याटप्प्याने सोडविण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले, त्यांच्या मेंदूतील नियोजनाशी निगडित जाळ्यात दोन महिन्यांतच झालेल्या बदलावरून पुढील सुधारणेचा अंदाज बांधता येतो, असे त्यात दिसले.

या निष्कर्षांनी हुरळून मात्र जाऊ नये. अशा अभ्यासांतील रुग्णसंख्या बहुधा लहान असते. स्कॅनमध्ये दिसणारे लाल-निळे रंग म्हणजे सांख्यिकीने काढलेल्या सरासऱ्या असतात, विचारांचे छायाचित्र नव्हे. विषण्णतेचा उपचार स्कॅनवरून ठरविण्याची नित्याची पद्धत अद्याप कोठेही रुळलेली नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे. तरीही एक गोष्ट आता निःसंशय झाली आहे. शब्दांनी आणि कृतीने केलेला उपचार हा 'नुसत्या बोलण्याचा' उपचार नाही. तो मेंदूपर्यंत पोहोचतो. 'आजार मेंदूचा असेल तर गोळीच हवी' आणि 'आजार मनाचा असेल तर तो खरा आजारच नव्हे' ही दोन्ही विधाने सारखीच निराधार ठरली आहेत.

आणि येथे हा इतिहास पुन्हा गोव्याकडे वळतो. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण असंख्य, हा आपल्या देशातील पेच. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनाच प्रशिक्षण देऊन समुपदेशक करायचे. कृतिप्रेरक उपचार साधा असल्यामुळे त्यासाठी तोच निवडला गेला. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात मध्यम ते तीव्र विषण्णतेचे ४९५ रुग्ण चाचणीत घेण्यात आले. निम्म्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पाहता, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही लाभ बऱ्याच अंशी टिकून होता, आणि त्यामागे रुग्णांच्या वाढलेल्या हालचालीचा वाटा होता असेही आढळले. फारियाच्या भूमीत, साध्या माणसांनी साध्या बोलीत दिलेला उपचार जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने नोंदवावा, हा योगायोग असला तरी सुखद आहे.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत आता वाडे मोठे आणि माणसे थोडी अशी स्थिती आहे. मुले पुण्या-मुंबईला वा परदेशात. घरी उरतात निवृत्त माणसे. निवृत्तीबरोबर केवळ पगार थांबत नाही. साडेदहाची घंटा, टपालाचा गठ्ठा, अभ्यागतांची वर्दळ, असा दिवसाचा सारा सांगाडा एका सायंकाळी निखळून पडतो. ल्युइन्सन यांनी वर्णिलेली प्राप्तीतील घट याहून वेगळी ती काय? त्यातून कोणी खचला तर आपण म्हणतो, 'वय झाले'. तरुण खचला तर म्हणतो, 'आळशी आहे'. सून खचली तर काहीच म्हणत नाही, कारण बाहेर कळले तर धाकट्या नणंदेचे लग्न अडेल. कार्यालयांतूनही अशा कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात 'कामचुकार' असा शेरा पडत असे. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषण्णता ग्रासते, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही. वीसांत एक, म्हणजे आपल्या मंडळाच्या कोजागरीला जमणाऱ्या मेळाव्यातही अशी काही माणसे असणारच.

येथे दोन गोष्टी विसरता कामा नयेत. कृतिप्रेरक उपचार हा उपचार आहे, घरगुती काढा नव्हे. जो अन्न सोडतो, ज्याची झोप उडाली आहे, जो मरणाची भाषा बोलतो, त्याला विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे आणि सांगितलेली औषधे मनाने बंद करता कामा नयेत. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. दुसरी गोष्ट अशी की उपचार घेणाऱ्याच्या भोवती घरही असते. गोव्यातील समुपदेशकांनी जे केले त्यातील मोठा भाग म्हणजे ठरलेल्या वेळी येणे, ऐकून घेणे आणि पुढच्या आठवड्यातील एका लहानशा कामाची आठवण ठेवणे. एवढे तर आपल्यालाही साधण्यासारखे आहे.

'काय झाले आहे तुला?' या प्रश्नाचे उत्तर विषण्ण माणसापाशी बहुधा नसते, आणि तो प्रश्न वारंवार विचारल्याने तो अधिकच मिटून घेतो. त्याऐवजी 'संध्याकाळी साडेपाचला ग्रंथालयापर्यंत जायचे आहे, मी न्यायला येतो' असे म्हणावे, आणि साडेपाचला खरोखरच जावे. तो त्या दिवशी दारापर्यंतच आला तर दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच वाजतातच.